पोटठेकेदाराशी काम कसे करावे: हद्द, मोजमाप, खर्ची आणि हिशेब

पुणे, नाशिक किंवा कोल्हापूर अशा शहरात सात-आठ मजल्यांची निवासी इमारत उभी करणाऱ्या मुख्य ठेकेदाराकडे स्वतःच्या पगारावरची माणसे फार थोडी असतात: एक-दोन अभियंते, सुपरवायझर, स्टोअरकीपर, वॉचमन आणि क्वचित एखादा जुना मुकादम. खोदाई, सेंटरिंग (काँक्रीट भरण्यासाठी साचे आणि टेकू उभारणे), सळईकाम, विटांचे किंवा ब्लॉकचे बांधकाम, गिलावा, प्लंबिंग, वीज, वॉटरप्रूफिंग, लादी आणि रंग ही सगळी कामे पोटठेकेदारांच्या टोळ्या करतात, आणि त्यांच्या कामाचा जाब मात्र विकासकाला मुख्य ठेकेदारच देतो. पुढील मांडणी मुख्य ठेकेदारासाठी केलेली आहे. पण पोटठेकेदाराने ती उलट बाजूने वाचली, तर करार करताना काय मागून घ्यावे हे त्यालाही त्यातून कळेल.

एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. मजुरीवर काम घेणाऱ्या पोटठेकेदाराकडे यंत्रे नसतात, बँकेतली पत नसते आणि गहाण ठेवण्याजोगे काही नसते; त्याची टोळी हेच त्याचे भांडवल असते. टोळी टिकली तर काम चालते, आणि टोळी फुटली तर कागदावर कितीही कडक अटी असल्या तरी त्या वसूल करायला समोर कोणीच उरत नाही. त्यामुळे दर, बिल, दंड किंवा कामाचा क्रम यांपैकी काहीही ठरवताना त्याचा टोळीवर काय परिणाम होईल, हे आधी पाहावे.

टोळी ठरवण्याआधी

तीन जणांकडून दर मागवून सर्वांत कमी दराला काम देण्याची रीत सेंटरिंग आणि गिलावा या दोन कामांत हमखास महागात पडते. बाजारापेक्षा बराच कमी दर देणाऱ्या माणसाने एकतर नकाशे नीट पाहिलेले नसतात, किंवा आधीच्या साइटचे देणे भागवण्यासाठी त्याला ताबडतोब उचल हवी असते. दोन्ही बाबतींत तिसऱ्या-चौथ्या स्लॅबला काम अर्धवट पडण्याचा धोका असतो. म्हणून आलेल्या दराची उलटी फोड करून पाहावी. एक गवंडी आणि त्याचे बिगारी दिवसाकाठी किती गिलावा करतात, त्यांची त्या दिवसाची मजुरी किती होते आणि मुकादमाच्या हाती काय उरते, याचा हिशेब पाच मिनिटांत होतो. हाती काहीच उरत नसेल, तर तो तोटा पुढे कोणत्या ना कोणत्या रूपाने आपल्याच अंगावर येणार, हे गृहीत धरावे.

त्याच्या चालू साइटवर जाऊन काम पाहावे, हे सगळेच सांगतात. मी त्यात एवढीच भर घालीन की भिंतीला ओळंबा लावून झाल्यावर त्याच्या दोन मजुरांशी बोलावे आणि मागच्या शनिवारी खर्ची, म्हणजे आठवड्याच्या खाण्यापिण्यासाठी मजुरीतून आगाऊ मिळणारे पैसे, मिळाली का, ते विचारावे. टोळीची गावेही विचारून घ्यावीत. बिहार आणि झारखंडकडची माणसे होळीला आणि छठला गावी जातात, बंगालच्या सीमेकडची अनेक माणसे ईदला जातात, मराठवाड्यातली माणसे मृगाच्या पेरणीला जातात आणि त्यांतली काही दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघतात. या तारखा कोणाच्या इच्छेने हलत नाहीत; स्लॅबचे वेळापत्रकच त्या धरून आखावे.

कामाची हद्द

साइटवरची बहुतेक भांडणे एकमेकांच्या कामाच्या मधल्या, कोणाच्याच नसलेल्या जागेवरून होतात. वर्क ऑर्डरमध्ये ‘आतील गिलावा, दर प्रति चौरस फूट’ एवढीच ओळ असली, तर गिलावा धरावा म्हणून काँक्रीटच्या कॉलम-बीमवर टाचे मारायचे कोणी, काँक्रीट आणि ब्लॉक यांच्या सांध्यावर चिकन मेश (तारेची जाळी) ठोकायची कोणी, परांची कोणाची, वाळू चाळायची कोणी, माल वरच्या मजल्यावर चढवायचा कोणी, गिलाव्यावर पाणी कोण मारणार आणि खाली पडलेला मसाला व राडारोडा कोण उचलणार, या सात प्रश्नांची सात उत्तरे निघतात. इलेक्ट्रिशियनने गिलाव्यानंतर वायरीच्या पाइपासाठी भिंतीत झिरी (खाच) मारली, तर ती बुजवण्याचा खर्च कोणाचा, हा आठवा प्रश्न असतो आणि त्यावरच सर्वांत जास्त आवाज चढतो. पाणी मारण्याच्या बाबतीत तर एकाचे नाव स्पष्टपणे लिहावेच, कारण ते काम ‘सर्वांचे’ ठेवले की संध्याकाळी भिंत कोरडीच असते.

मोठ्या कंपनीची चौदा पानी इंग्रजी वर्क ऑर्डर उतरवून घेऊन तिच्यावर मुकादमाचा अंगठा किंवा सही घेण्यात काहीच साधत नाही. दोन पानांचा मराठी किंवा हिंदी कागद, त्यात वरच्या प्रश्नांची उत्तरे, आणि दोघांनी एकत्र बसून तो मोठ्याने वाचलेला, हा करार अधिक उपयोगी पडतो. माल आपण पुरवणार असू, तर घट किती धरायची हेही त्यात यावे. सळईसाठी तीन टक्के ठरले असतील, तर कापलेले तुकडे स्टोअरमध्ये जमा केले की घटीत धरायचे नाहीत, हेही लिहावे. काम सरकारी असेल, तर मूळ निविदेतच लेखी परवानगीशिवाय काम दुसऱ्याकडे सोपवण्यास साधारणतः मनाई असते, ती अट आधी वाचून घ्यावी.

मोजमाप

दर ठरवताना जेवढी घासाघीस होते, त्याच्या निम्मी चर्चासुद्धा ‘मोजायचे कसे’ यावर होत नाही, आणि पैसा तर तिथेच हलतो. पहिला गोंधळ एककाचा असतो. आपल्याकडे गिलावा आणि लादी अजूनही ब्रासमध्ये बोलतात, तेव्हा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, अर्थात ९.२९ चौरस मीटर. खडी, वाळू किंवा मुरूम यांच्या बाबतीत मात्र ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. अभियंत्याचे नकाशे मीटरमध्ये असतात आणि मुकादमाचा टेप फुटांत चालतो, म्हणून कागदावर एकच एकक ठरवून दुसऱ्यात किती होते तेही बाजूला लिहून ठेवावे.

आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या, मजुरीचा दर बहुधा स्लॅबच्या चौरस फुटावर असतो. ही पद्धत सोपी वाटते, पण तिच्या पोटात अनेक प्रश्न असतात: डक्टची मोकळी जागा धरायची का, बाल्कनी आणि छज्जे पूर्ण धरायचे की अर्धे, फुटिंग आणि प्लिंथ बीम दरातच आहेत की वेगळे, लिफ्टचा खड्डा, गच्चीवरची आणि जमिनीखालची पाण्याची टाकी यांचे काय. माझ्या पाहण्यातल्या एका इमारतीत जिन्याची जागा स्लॅबच्या क्षेत्रात धरायची की जिना वेगळा मोजायचा, एवढ्यावरून शेवटचे बिल वर्षभर अडले होते. दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या होत्या, कारण वर्क ऑर्डरमध्ये फक्त ‘सर्व आरसीसी काम, स्लॅब क्षेत्रावर’ असे लिहिलेले होते. असा दर द्यायचाच असेल, तर नकाशाच्या एका प्रतीवर मोजली जाणारी जागा रंगवून त्यावर दोघांनी सह्या कराव्यात.

जिथे बाबवार मोजमाप आहे, तिथे भारतीय मानक आयएस १२०० याचा आधार घ्यावा, कारण त्यात प्रत्येक कामाचा नियम आधीच बसवलेला आहे. गिलाव्याचे उदाहरण घेऊ. त्या मानकानुसार अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघडीची वजावट करत नाहीत. अर्ध्या ते तीन चौरस मीटरच्या उघडीची वजावट भिंतीच्या एकाच बाजूची करतात आणि खिडकीच्या आतल्या कडांचा गिलावा वेगळा मोजत नाहीत. तीन चौरस मीटरहून मोठी उघड दोन्ही बाजूंनी वजा करतात आणि कडा वेगळ्या मोजतात. दीड मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच खिडकी १.८ चौरस मीटरची असते, म्हणजे तिची वजावट १.८ करायची, ३.६ नव्हे. एका फ्लॅटमध्ये अशा सहा उघडी धरल्या, तर दोन पद्धतींतला फरक एका फ्लॅटमागे एका ब्रासहून अधिक होतो आणि अठ्ठावीस फ्लॅटमागे बत्तीस ब्रासच्या वर जातो. त्यातही बाहेरचा गिलावा दुसऱ्याच टोळीकडे असला, तर वजावट कोणाच्या बिलातून करायची हा वाद नक्की होतो. दोन बाजूंचा गिलावा वेगवेगळ्या प्रकारचा असेल, तर चौकटीच्या ज्या बाजूला कडेची रुंदी कमी असते त्या बाजूतून वजावट करावी, असे मानकात आहे; हाच नियम दोन टोळ्यांनाही लावायचा, असे दोघांच्याही कागदावर लिहून टाकावे.

सळईचे वजन मजुरीसाठी सूत्राने काढतात: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे १२ मिलिमीटरच्या सळईला मीटरमागे सुमारे ०.८९ किलो. पण आयएस १७८६ प्रमाणे १० मिलिमीटरपर्यंतच्या सळईच्या वजनात सात टक्के, त्यापुढे १६ मिलिमीटरपर्यंत पाच टक्के आणि त्याहून जाड सळईत तीन टक्के इतका फरक दोन्हीकडे चालतो. म्हणून काट्यावर आलेला माल आणि सूत्राने निघालेले वजन जुळत नाही, आणि त्याचा दोष बिचाऱ्या फिटरवर येतो. प्रत्येक गाडीतल्या सळईचे मीटरमागे प्रत्यक्ष वजन करून ते चलनावर लिहून ठेवल्यास हा संशय उरत नाही. बाइंडिंग वायर वेगळी मोजत नाहीत. ओव्हरलॅप (दोन सळया एकमेकींवर चढतात तो भाग) आणि खुर्च्या (वरची सळई उचलून धरणारे सळईचे आधार) धरायच्या की नाही, ते मात्र लिहून घ्यावे.

मोजमाप नेहमी संयुक्त असावे: आपला अभियंता आणि टोळीचा मुकादम, दोघांच्या हाती एकच टेप, जागेवरच सही आणि त्या कागदाचा फोटो लगेच दोघांच्या व्हॉट्सअॅपवर. झाकले जाणारे काम झाकण्याआधीच मोजावे. मुकादमाने कळवल्यापासून तीन दिवसांत अभियंता आला नाही, तर मुकादमाचे मोजमाप ग्राह्य धरले जाईल, अशी अट मुख्य ठेकेदाराने स्वतःहून घालावी. ती पहिल्यांदा वाचताना जड वाटते. पण आपला अभियंता त्यामुळे वेळेवर जिना चढतो.

खर्ची, उचल आणि बिल

वीस जणांची टोळी आहे आणि माणशी आठवड्याला २,००० रुपये खर्ची द्यावी लागते, असे समजा. आठवड्याचे ४०,००० झाले. बिल पंचेचाळीस दिवसांनी निघाले, तर तोपर्यंत मुकादमाच्या खिशातून अडीच लाखांहून अधिक रुपये गेलेले असतात, आणि त्यात गावी पाठवायची मजुरी धरलेलीच नाही. ही रक्कम तो सावकाराकडून महिन्याच्या व्याजाने आणतो, नाहीतर टोळीतली आठ माणसे दुसऱ्या साइटवर पाठवून तिथून पैसे उचलतो. साइटवर माणसे अचानक कमी दिसू लागली, की आरडाओरड करण्याआधी आपले शेवटचे बिल कधी निघाले ते पाहावे.

यावर उपाय असा की खर्ची दर आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी द्यावी, ती टोळीच्या हजेरीवर बेतावी आणि चालू बिलातून वळती करावी. रनिंग बिल, म्हणजे काम चालू असतानाचे बिल, महिन्यातून दोनदा ठरलेल्या तारखेला निघावे. स्लॅबच्या कामात टप्पे पाडता येतात. काँक्रीट भरल्यावर ८५ टक्के, शटरिंग काढून प्लेटा साफ करून रचल्यावर १० टक्के आणि उरलेले पाच टक्के अनामत (दोष निघाल्यास हाताशी असावी म्हणून राखून ठेवलेली रक्कम), अशी वाटणी मला रास्त वाटते. काँक्रीट तयार मिक्सचे असेल आणि ते आपणच मागवले असेल, तर काँक्रीटची ताकद पाहणाऱ्या २८ दिवसांच्या क्यूब चाचणीसाठी सेंटरिंगवाल्याचे पैसे अडवून ठेवण्याला काहीच अर्थ नाही. उचल मात्र हात राखून द्यावी: टोळी साइटवर येऊन चार दिवस राबल्यावर, आणि एका बिलात फिटेल एवढीच.

‘वरून आले की देतो’ ही अट आपल्याकडे सर्रास घातली जाते. ब्रिटनमध्ये १९९६ च्या कायद्याने बांधकाम करारांतली अशी अट, दिवाळखोरीचा अपवाद सोडून, निष्प्रभ ठरवली; आपल्याकडे तशी सरसकट बंदी नाही, पण म्हणून ती मजुरीच्या कामाला लावणे शहाणपणाचे ठरत नाही, कारण विकासकाच्या विक्रीची जोखीम वीस मजुरांच्या टोळीला पेलवत नाही. खिडक्या, लिफ्ट किंवा अग्निशमन यांसारख्या मालासह मोठ्या कामांत ती मान्य होऊ शकते. तिथेही कमाल दिवस लिहावेत. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे, आणि विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज लागते. माल आणि मजुरी एकत्र असलेल्या कामाला हा कायदा लागू होतो का, यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत, म्हणून पोटठेकेदाराने केवळ त्यावर विसंबून राहू नये. स्वतःच्या वर्क ऑर्डरमध्येच मुदत लिहून घ्यावी.

करकपातीबाबत थोडक्यात: व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर एक टक्का, अन्यथा दोन टक्के, आणि ही कपात एकाच बिलात ३०,००० रुपयांहून किंवा वर्षभरात एक लाखाहून अधिक रक्कम झाल्यावर लागते. पॅन दिला नाही, तर दर वीस टक्क्यांवर जातो, म्हणून पहिल्या उचलीआधीच पॅन घ्यावा. कपातीचे प्रमाणपत्र पोटठेकेदाराला न मागता द्यावे. कित्येक मुकादमांचा परतावा केवळ कागद न मिळाल्याने बुडतो. जीएसटी नोंदणी असलेल्या पोटठेकेदाराचे बिल १८० दिवसांत चुकते केले नाही, तर घेतलेले इनपुट क्रेडिट (त्या बिलावरच्या जीएसटीची आपल्या करातून घेतलेली वजावट) व्याजासह परत करावे लागते.

डेबिट नोटबद्दल, म्हणजे पोटठेकेदाराच्या बिलातून करायच्या वजावटीच्या कागदाबद्दल, माझे मत कडक आहे. सदोष काम, वाया गेलेला माल किंवा दुसऱ्याकडून करून घेतलेली दुरुस्ती यांची वजावट अवश्य करावी. पण ज्या महिन्यात दोष दिसला त्याच महिन्यात, फोटोसह, दुरुस्तीला लेखी मुदत देऊन आणि ती उलटल्यावर. वर्षभर गप्प राहून शेवटच्या बिलात एकदम दोन लाखांच्या वजावटी काढणाऱ्या ठेकेदाराकडे पुढच्या इमारतीला चांगली टोळी येत नाही, कारण मजूर नाक्यावर ही बातमी त्याच्या आधी पोहोचलेली असते.

एका टोळीकडून दुसरीकडे

स्नानगृहाएवढ्या छोट्या जागेत चार पोटठेकेदार एकामागून एक काम करतात, आणि गळती लागली की चौघेही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. प्लंबरने नहाणी ट्रॅप आणि पाइप बसवले, वॉटरप्रूफिंगवाल्याने कोबा (लादीखालचा पाणीरोधक थर) केला, लादीवाल्याने लादी लावली आणि नंतर कोणीतरी कमोडसाठी ड्रिल मारले. आता पाणी नेमके कुठून जाते, हे फोडल्याशिवाय कळत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्यावर जागा ताब्यात देण्या-घेण्याची एक ओळ लिहावी. पाइपांची दाबचाचणी प्लंबर आणि वॉटरप्रूफिंगवाला दोघांसमोर व्हावी. वॉटरप्रूफिंग झाल्यावर निदान २४ तास पाणी साठवून खालच्या मजल्याचे छत लादीवाल्यासह तिघांनी पाहावे आणि मगच लादी सुरू व्हावी. सही करून जागा ताब्यात घेणाऱ्याने आधीच्या कामाबद्दल नंतर तक्रार करू नये, आणि सही न केलेल्या जागेत त्याने पाऊल ठेवू नये.

वेळेचा ताण सर्वांत आधी सेंटरिंगवर येतो, आणि तिथे मुख्य ठेकेदारानेच पाय रोवून उभे राहावे. आयएस ४५६ प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस ठेवावे लागतात. बीमला सहा मीटरपर्यंत चौदा आणि त्यापुढे एकवीस दिवस. पोटठेकेदाराकडे प्लेटांचा आणि टेकूंचा एकच संच असेल, तर या मुदती पाळून त्याला पुढचा मजला वेळेत उभा करता येणारच नाही, हे काम देतानाच मोजायला हवे होते.

मजूर आणि अपघात

टोळी पोटठेकेदाराची असली, तरी तिची मजुरी थकली तर मूळ मालकाने, म्हणजे काम सोपवणाऱ्याने, ती द्यावी आणि ठेकेदाराच्या बिलातून वसूल करावी, हे तत्त्व कामगार कायद्यात पूर्वीपासून आहे. अपघाताच्या भरपाईबाबतही १९२३ च्या कायद्यापासून हीच रीत चालत आलेली आहे. तेव्हा ‘ती माणसे आमची नव्हती’ हा बचाव टिकत नाही. खर्चीच्या नोंदीवर प्रत्येक मजुराची सही असावी, ओळखपत्राची प्रत साइटवर असावी आणि भरपाईचा विमा, म्हणजे साइटवर जिला डब्ल्यूसी पॉलिसी म्हणतात ती, पहिल्या दिवसापासून चालू असावी. पॉलिसीत मजुरांचा आकडा वीस आणि हजेरीत पस्तीस, असे होऊ देऊ नये. हेल्मेट आणि सेफ्टी बेल्ट मुख्य ठेकेदाराने स्वतः विकत घ्यावेत, कारण दरात धरलेला बेल्ट परांचीवर कधीच दिसत नाही. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या मजुराला कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते आणि त्यासाठी कामाचा दाखला लागतो. तो देण्यात आपले काहीच जात नाही.

काम काढून घ्यायचे झाल्यास

कधी कधी टोळी खरोखरच काम करेनाशी होते. अशा वेळी आधी सात दिवसांची लेखी सूचना द्यावी, मग संयुक्त मोजमाप करावे, आणि पोटठेकेदार आलाच नाही, तर दोन त्रयस्थांसमोर पंचनामा करून फोटो काढावेत; त्यानंतरच दुसरी टोळी आत घ्यावी. हा क्रम उलटला, की कोणाचे काम कुठवर झाले होते हे पुन्हा सिद्ध करता येत नाही. विलंबाचा दंड लिहिताना भारतीय करार अधिनियम १८७२ मधील कलम ७४ ध्यानात ठेवावे: लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि न्यायालय त्या आत वाजवी भरपाई देते. संपूर्ण प्रकल्पाचा दंड एका रंगाऱ्याच्या माथी मारणारे कलम कागदावरच राहते.

अनामत आणि दोषदायित्व यांत एक फट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन, कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत दाखवून दिलेला बांधकामाचा दोष विकासकाला तीस दिवसांत विनामूल्य दूर करावा लागतो आणि तो हे काम मुख्य ठेकेदाराकडे ढकलतो, तर पोटठेकेदाराची अनामत साधारणतः एका वर्षात सुटलेली असते. सगळ्यांचीच अनामत पाच वर्षे अडकवणे अन्यायाचे आणि अशक्यही आहे. गिलावा, लादी आणि रंग यांची निम्मी अनामत काम संपताच आणि उरलेली वर्षाने सोडावी. वॉटरप्रूफिंगची मात्र दोन पावसाळे उलटेपर्यंत ठेवावी, त्याच्याकडून पाच वर्षांची लेखी हमी वेगळी घ्यावी, आणि दर जुलैमध्ये त्याला बोलावून गच्ची, टाक्या व वरच्या मजल्याची छते एकत्र पाहावीत. दुसऱ्या पावसाळ्यानंतरची पाहणी कोरडी निघाली, तर त्याच दिवशी जागेवर चेक द्यावा आणि हिशेब मिटल्याच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्याव्यात.